खांदेरीचा दिवा आणि नानांचा आउटर

जालना जिल्ह्यातला माणूस समुद्रातलं दीपगृह बघायला निघाला की लोकांना गंमत वाटते. आमच्याकडे समुद्र सोडा, एप्रिल उजाडला की नळाला पाणी येणार की नाही याचीच पंचाईत. "तुमच्या गावाला टँकर कुठून येतोय ते बघायला एक लाइटहाउस बांधा," असं हापिसातल्या एका रत्नागिरीकर मित्राने मला ऐकवलं. मी म्हटलं, बाबा रे, भारतातल्या सगळ्या दीपगृहांचा कारभार बघणाऱ्या महासंचालनालयाचं मुख्यालय नोएडात आहे, आणि समुद्राचे नकाशे काढणारं नौदलाचं कार्यालय डेहराडूनला. म्हणजे समुद्रापासून लांब राहून समुद्राची काळजी करणारे आम्ही काही पहिले नाही. असो.

तर या जानेवारीत एका शनिवारी मी आणि नाना, म्हणजे माझे वडील, खांदेरीला जाऊन आलो. अलिबागच्या उत्तरेला थळ नावाचं गाव आहे, त्याच्या समोर समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, लांबचं खांदेरी. दोन्हींवर किल्ले आहेत, पण खांदेरीवर किल्ल्याच्या तटाच्या आत एक अष्टकोनी पांढरं दीपगृह आहे, १८६७ सालचं. नाव कान्होजी आंग्रे दीपगृह. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात खांदेरी आहे. त्यामुळे आता किल्ला बघायला जाणारे वाढलेत. आम्ही मात्र दिव्यासाठी गेलो होतो. नानांना दिवा बघायचा होता.

का, ते सांगायचं तर जरा मागे जायला पाहिजे.

आम्ही परतूरचे. मनमाड-सिकंदराबाद लाइनवर जालना सोडलं की पुढे आमचं स्टेशन लागतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीतून तिकडे गेलं. नाना अजूनही बोलता बोलता "आपल्या परभणी जिल्ह्यात" म्हणून जातात. नाना रेल्वेत लॅम्पमन होते. हा हुद्दा हल्लीच्या पोरांना ऐकूनही माहीत नसणार, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. (घरात हे सगळं इतक्या वेळा ऐकलंय की मला अर्धी रेल्वेची नोकरी केल्यासारखं वाटतं.)

निजामाच्या राज्यात, १९०० च्या सुमारास, ही मीटरगेजची लाइन टाकली गेली. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली, तोवर आमच्या भागातल्या लहान स्टेशनांवर हाताचे सिग्नल होते. उंच लोखंडी खांब आणि त्यावर लाल पाटी. पाटी आडवी म्हणजे थांबा, खाली झुकली म्हणजे या. दिवसा पाटी दिसते, रात्री दिसत नाही. म्हणून पाटीच्या मुळाशी दोन रंगीत काचा आणि काचांच्या मागे रॉकेलचा दिवा. पाटी हलली की काचा हलतात आणि दिव्यासमोर हवा तो रंग येतो. यातली हिरवी काच खरं म्हणजे हिरवी नसायची, निळी असायची. रॉकेलची ज्योत पिवळट, तिच्यापुढे निळी काच धरली की लांबून हिरवं दिसतं. मी चौथीत असताना नानांनी मला हे अंगणात कंदील ठेवून दाखवलं होतं. पुढे इंजिनीअरिंगला गेल्यावर प्रकाशाबद्दल जे काही शिकलो, त्यातलं यापेक्षा चांगलं काही मला आठवत नाही.

लॅम्पमनचं काम म्हणजे हे सगळे दिवे. दुपारी लॅम्प रूममध्ये बसून काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, रॉकेल भरायचं. संध्याकाळी दिवे घेऊन रुळाच्या कडेने चालत निघायचं. सगळ्यात लांबचा सिग्नल म्हणजे आउटर. एक या बाजूला, एक त्या बाजूला. शिडीने वर चढायचं, दिवा जागेवर बसवायचा, खाली उतरायचं, परत चालत यायचं आणि दुसऱ्या टोकाला जायचं. पावसाळ्यात पायाखाली साप, काळ्या मातीचा चिखल आणि वर वारा. नाना अंगाने किरकोळ, पण आज पंचाहत्तरीतही त्यांच्या मनगटात जोर आहे तो त्या शिड्यांमुळे असं आई म्हणते. नव्वदच्या दशकात लाइन बदलली, विजेचे रंगीत दिवे आले आणि लॅम्प रूमला कुलूप लागलं. नानांना दुसरं काम मिळालं, नोकरी गेली नाही. पण "मी लॅम्पमन होतो" हे ते आजही पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. त्यानंतर वीस वर्षं काय केलं ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आता जपान. (घाबरू नका, परत येतो.) २०१६ साली कंपनीने मला सहा महिने योकोहामाला पाठवलं होतं. तिथून एका रविवारी एनोशिमाला गेलो. पुलाने जमिनीला जोडलेलं छोटंसं बेट, देवळं, खाली गुहा, हवा साफ असली की समोर फुजी पर्वत. चढण बरीच आहे, पण जपानी माणसाने १९५९ सालीच त्यावर इलाज काढून ठेवलाय: तिकीट काढून सरकत्या जिन्याने वर जायचं. जिना फक्त वर जातो. खाली यायचं ते आपल्या पायाने! बेटाची देवी बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. चीनमार्गे तिथे गेली आणि तिच्या हातात वीणेच्या जागी जपानी बीवा आला. परक्या देशात सहा महिने शिंतो देवळांच्या बाहेर उभं राहून फोटो काढणाऱ्या माझ्यासारख्याला ते कळल्यावर एकदम माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

बेटाच्या माथ्यावर सी कँडल नावाचं दीपगृह आहे. २००३ मध्ये उघडलेलं, सुमारे ६० मीटर उंच. त्याच्या आधी तिथे जो मनोरा होता तो मूळचा पॅराशूटच्या उड्या शिकवायला बांधलेला. तो टोकियोतून उचलून १९५१ साली तिथे आणून दीपगृह म्हणून उभा केला होता. आताच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे, वर काचेची गॅलरी आहे, चहूकडे समुद्र आहे. सगळं चकाचक. मी वर उभा राहून नानांना फोन लावला. फुजीबद्दल सांगितलं, सरस्वतीबद्दल सांगितलं, लिफ्टबद्दल सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग तिथला दिवा कोण लावतं?"

"कोणी नाही नाना, आपोआप लागतो."

"अन् इझला तर कळतं कोणाला?"

याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. "असेल काहीतरी सेन्सर," म्हणून मी विषय बदलला. पण नानांच्या डोक्यातून तो प्रश्न गेला नसावा, कारण नंतर कधीही समुद्राचा विषय निघाला की ते विचारायचे, आपल्याकडे असं दिव्याचं घर जवळ कुठंय. समुद्र त्यांनी बघितला नव्हता असं नाही. रेल्वेच्या पासावर रामेश्वर झालंय, चौपाटी झालीय. दीपगृह राहिलं होतं.

आणि या वर्षी जायचं ठरलं त्याला माझंही एक कारण होतं. आमची टीम गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवर लक्ष ठेवते. रात्रपाळीला आठ पोरं पडद्यांसमोर बसतात. लाल काही दिसलं की बघायचं, जमलं तर दुरुस्त करायचं, नाहीतर माझ्यासारख्याला उठवायचं. गेलं वर्षभर आम्ही अशी एक प्रणाली बनवतोय जी हे अलार्म स्वतः वाचते, स्वतः अर्थ लावते आणि बऱ्याचदा दुरुस्तीही स्वतःच करते. चांगली चालतेय. माझाच कोड आहे बराचसा, खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान आहे. आता वरून विचारणा झाली होती की ही सुरू झाल्यावर रात्री किती माणसं लागतील, एक आकडा द्या. अपेक्षित आकडा शून्य आहे हे सांगायला कोणी लागत नाही. त्या आठांतला एक आमच्या भोकरदनचा आहे, नुकतंच लग्न ठरलंय. आकडा सोमवारी द्यायचा होता.

असा तो शनिवार.

पुण्याहून पहाटे निघालो. वडखळचा ट्रॅफिक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, सोडून देतो. थळला पोहोचलो तेव्हा कारखान्याची धुराडी मागे आणि मासळीचा वास पुढे. खांदेरीला मनात आलं की जाता येत नाही. बेट मुंबई बंदराच्या ताब्यात आहे, परवानगीचं बघावं लागतं, होडी ठरवावी लागते, आणि सगळ्यात वरचा साहेब म्हणजे भरती-ओहोटी. नाखवा म्हणाला, "बाबांना धरून बसवा." नाना म्हणाले, "मी धावत्या मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधी बसलोय, हे काय हलतंय." पंधरा मिनिटांनी मात्र त्यांनी होडीची कड घट्ट धरली होती. मी काही बोललो नाही.

खांदेरीचा इतिहास शाळेत दोन ओळींत संपतो, तो खरं तर जबरदस्त आहे. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारीला माणसं आणि तोफा देऊन या बेटावर तट बांधायला पाठवलं. मुंबईकर इंग्रजांच्या डोळ्यांत ते लगेच खुपलं, कारण खांदेरी म्हणजे मुंबईच्या दाराशीच बसल्यासारखं. त्यांनी गलबतं पाठवून बेट वेढायचा प्रयत्न केला. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाच्या आरमाराशी त्यांची मोठी लढाई झाली, डव्ह नावाचं त्यांचं एक जहाज मराठ्यांनी पकडलं. नंतर सिद्दीही आला. आणि या सगळ्या वेढ्यात बेटावरचं बांधकाम चालूच राहिलं, कारण मराठ्यांच्या लहान होड्या रात्री अंधारात किनाऱ्यावरून निघायच्या, उथळ पाण्यातून वाट काढायच्या आणि सामान पोहोचवून परत यायच्या. मोठ्या जहाजांना त्या दिसायच्या नाहीत, दिसल्या तरी सापडायच्या नाहीत. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावलं, पण खांदेरी राहिली.

म्हणजे ज्या बेटाचा जीव अंधाराने वाचवला, त्याच बेटावर १८८ वर्षांनी इंग्रजांनी सगळ्यांना दिसावा म्हणून दिवा लावला. मी हे नानांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. नाना म्हणाले, "राज्य त्यांचं झालं, मंग जहाजं बी त्यांचीच. ज्याच्या गाड्या त्याचा सिग्नल." विषय संपला.

बेट लहान आहे. दोन उंचवटे, मध्ये सखल भाग, भोवती तट. तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर ठेवलेल्या तोफा आहेत, बघायलाच पाहिजेत अशा. वेताळाचं देऊळ आहे, कोळ्यांचा मोठा देव. आत मूर्ती नाही, पांढरी रंगवलेली शिळा आहे. एक खडक आहे, त्यावर दगड आपटला की भांड्यावर आपटल्यासारखा आवाज येतो. तिथे येणारा प्रत्येक जण तो वाजवून बघतो, आम्हीही वाजवला. नानांनी दोनदा.

दीपगृहावर चढताना मी मागे राहिलो, नाना घसरले तर असावं म्हणून. गरज पडली नाही. ते पायऱ्या मोजत होते, मी धापा टाकत होतो. दिव्याच्या खोलीत जायला मनाई होती, पण बाहेरच्या सज्जावर उभं राहू दिलं. वारा असा की बोलणं अर्धं उडून जावं. खाली तटाची वळणारी रेघ, पलीकडे उंदेरी, त्यापलीकडे थळचा किनारा आणि उत्तरेला धुरकट मुंबई. पश्चिमेला नुसतं पाणी आणि त्यावर रांगेत उभी असल्यासारखी जहाजं. एनोशिमाच्या काचेतून दिसलं ते जास्त सुंदर होतं, हे मान्य करतो. पण तिथे मी बघायला गेलो होतो. इथे सज्जावर उभं राहिल्यावर जाणवतं की हा मनोरा इथून बघायला बांधलेलाच नाही. त्या जहाजांना तो दिसावा म्हणून बांधलाय, आपण मध्येच येऊन उभे.

ड्युटीवर एक गृहस्थ होते. आपल्या देशात सुमारे दोनशे दीपगृहं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी अजून माणसं असतात. जपानमध्ये शेवटचं माणूस असलेलं दीपगृह, नागासाकीकडच्या मेशिमा बेटावरचं, २००६ मध्ये स्वयंचलित झालं. इंग्लंडमध्ये ते १९९८ लाच झालं होतं. नानांनी त्या गृहस्थांना पहिल्या पाच मिनिटांत "मी लॅम्पमन होतो" सांगितलं, आणि मग त्या दोघांचं जे सुरू झालं त्यात माझं काही काम उरलं नाही. काच कशाने पुसता? समुद्राच्या मिठाने काच आंधळी होते का? वीज गेली तर काय? मी आपला फोटो काढत होतो.

मग नानांनी तो प्रश्न विचारला. "दिवा इझला तर कळतं कसं?"

ते म्हणाले, "आम्ही आहोत ना. आम्हाला कळतं. मग आम्ही कळवतो."

"अन् तुम्ही नसला तर?"

"मग जहाजवाला कळवेल. त्याला कळलं तर."

नानांनी माझ्याकडे वळून बघितलं. आणि तिथे, त्या वाऱ्यात, मोठ्याने ओरडून ओरडून, त्यांनी मला जे सांगितलं ते मी इतकी वर्षं रेल्वेच्या गोष्टी ऐकूनही कधी नीट ऐकलं नव्हतं.

सिग्नलचा दिवा विझला तर काय होतं? काही वाईट होत नाही. ड्रायव्हरला नियम शिकवलेला असतो: जिथे सिग्नल असायला पाहिजे तिथे दिवा दिसला नाही, तर तो लाल आहे असं समजायचं आणि थांबायचं. पाटी ओढणारी तार तुटली तर वजनाने पाटी आपोआप आडवी होते, म्हणजे पुन्हा लालच. आणि दिव्याला मागच्या बाजूनेही एक लहान भोक असतं. त्यातून उजेडाचा ठिपका स्टेशनकडे दिसतो, म्हणजे केबिनमध्ये बसल्या बसल्या कळतं की आउटर जळतोय. आमच्या भागातल्या एका लहान स्टेशनवर एकदा वादळात आउटर विझला. गाडी उभी राहिली, शिट्ट्या मारत बसली, लोक वैतागले, नाना पावसात पळत गेले, दिवा लावला, गाडी आत आली. "उशीर झाला. दुसरं काय झालं? काही न्हाई. दिवा इझला तर गाडी थांबती. पर ह्यो इझला," त्यांनी मनोऱ्याकडे बोट केलं, "तर जहाज थांबतंय व्हय?"

नाही थांबत. हाच तर मुद्दा. विझलेला सिग्नल काहीतरी सांगतो, विझलेलं दीपगृह काहीच सांगत नाही. खलाशाला नुसता अंधार दिसतो, आणि अंधाराचा अर्थ "खडक अजून लांब आहे" असाही होतो. आमच्या धंद्यात रेल्वेच्या पद्धतीला फेल-सेफ म्हणतात, त्यावर परिषदा भरतात, आणि नानांनी ते दहावी नापास होऊन तोंडपाठ केलेलं. दीपगृह मुळातच फेल-सेफ करता येत नाही. म्हणून तिथे माणूस बसवला. दिवा लावायला तर खरंच. पण दिवा लागलेला आहे हे बघायला त्याहून जास्त.

दिवा लावायचं काम यंत्राकडे जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. गुस्ताफ दालेन नावाचा एक स्वीडिश इंजिनीअर होता. त्या काळी दिव्यांत ॲसिटिलीन वायू जाळत. दालेनने १९०७ मध्ये एक झडप काढली, सन व्हॉल्व. आत एक काळी कांडी आणि तिच्या भोवती चकचकीत कांड्या. उजेड पडला की काळी कांडी तो शोषून तापते, लांबते आणि वायू बंद करते. अंधार पडला की आखडते आणि वायू सोडते. वीज नाही, घड्याळ नाही, माणूस नाही. दिवसा विझतो, रात्री लागतो, ढग दाटून आले तरी लागतो! इतकं साधं आणि इतकं सुंदर काही मी बारा वर्षांच्या नोकरीत लिहिलेलं नाही. याबद्दल त्याला १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी एका प्रयोगात स्फोट होऊन त्याचे दोन्ही डोळे गेले. बक्षीस घ्यायला त्याचा भाऊ गेला. सूर्य उगवला की मावळला हे ओळखणारी झडप बनवणाऱ्याला पुढची पंचवीस वर्षं ते दिसलं नाही. त्याने कंपनी मात्र शेवटपर्यंत चालवली.

दालेनच्या दिव्यांनी रखवालदाराचं अर्धं काम संपवलं. उरलेलं अर्धं काम रेडिओ, उपग्रह आणि दूरच्या नियंत्रण खोल्यांकडे गेलं. एखादा दिवा बंद पडला तर डेहराडूनचं कार्यालय खलाशांना तशी सूचना काढतं. बहुतेक जहाजं आता जीपीएसवर चालतात, त्यामुळे दीपगृहं कशाला, असंही लोक विचारतात. त्याला उत्तर गेल्या काही वर्षांत मिळालंय. युद्धं सुरू असलेल्या भागांत जीपीएस जाम होतं किंवा जहाजाला खोटीच जागा दाखवतं. अशा वेळी डोळ्यांना दिसणारा दिवा हा दिवा असतो. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय ठरलेली आणि वेगळी असते, नकाशावर छापलेली असते. खलाशी घड्याळ लावून मोजतो आणि त्याला कळतं, हा अमुक दिवा, म्हणजे मी अमुक ठिकाणी.

हे मी नानांना परत येताना होडीत सांगितलं, आणि ती चूक म्हणा की पुण्य, पण त्यामुळे आमची संध्याकाळ ठरली. थळच्या किनाऱ्यावर नाना वाळूत बसून राहिले. अंधार पडला, खांदेरीचा दिवा लागला. नानांनी हातातलं घड्याळ डोळ्याजवळ धरून मोजायला सुरुवात केली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, पाच-सहा वेळा मोजलं. दरवेळी आकडा तोच आला. मग म्हणाले, "बरोबर चाललाय," आणि जेवायला उठले. जणू काही उद्या सकाळी रजिस्टरवर यांनाच सही करायची होती.

रात्री जेवताना मी त्यांना हापिसातलं सांगितलं. आठ पोरं, नवीन प्रणाली, सोमवारचा आकडा. मला वाटलं होतं ते पोरांची बाजू घेतील. लॅम्प रूमला कुलूप लागलेला माणूस आहे. नाना म्हणाले, "अरे, विजेचे दिवे आले तव्हा मी पेढे वाटले होते. पावसात वर चढून बघ एकदा, मंग कळंल. मानसानं कामून चढायचं, जर तार चढू शकती?" मी म्हटलं मग शून्य लिहू का? तर म्हणाले, "तुझ्या दिव्यांमधले सिग्नल किती अन् दीपगृहं किती, ते आधी मोज."

रविवारी पुण्यात परत आल्यावर मी खरंच मोजलं. आमच्याकडे दोनशे चाळीसएक प्रकारचे अलार्म आहेत. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हा बिघडला आणि गप्प बसला, तर काय होईल? बहुतेक ठिकाणी उत्तर चांगलं आलं. समोरची यंत्रणा अडते, काम थांबतं, गिऱ्हाईक ओरडतं, म्हणजे आउटरसारखं. उशीर होतो, बुडत काही नाही. पण सतरा अलार्म असे निघाले की ते गप्प झाले तर पडद्यावर सगळं हिरवंगार दिसत राहील. रात्रीचा बॅकअप त्यात आहे. एका दवाखान्याच्या औषधसाठ्याचा हिशेब त्यात आहे. आणि आमची नवी प्रणाली, जी बाकी सगळ्यांवर लक्ष ठेवणार, तीही त्यात आहे. ती झोपली तर पडदा शांत. मध्यरात्री भोकरदनचा पोरगा "आज काहीच कसं येईना" म्हणून खुर्चीतून उठतो, ते उठणं आम्ही कुठेही कोडमध्ये लिहिलेलं नाही.

त्यातल्या काहींना मागच्या बाजूने भोक पाडता येईल. म्हणजे दर पाच मिनिटांनी "मी जागा आहे" असा ठिपका त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी दाखवायचा. तो ठिपका बघणारं पुन्हा यंत्रच असलं तर त्याचा ठिपका कोण बघणार, इथे येऊन मी रात्री बारा वाजता थांबलो.

सोमवारी आकडा दिला. दोन माणसं, रोज रात्री. सोबत सतरा ओळींचा तक्ता जोडला, प्रत्येक ओळीपुढे गप्प बसल्यावर काय होईल ते. आठांतल्या सहा जणांना दिवसपाळीत घ्यावं असंही लिहिलं, पण ते माझ्या हातात नाही. साहेबांनी "इंटरेस्टिंग" एवढंच उत्तर पाठवलंय, आणि आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ काहीही होऊ शकतो. नाना परतूरला पोहोचले. काल फोनवर विचारत होते, त्या तक्त्यात ज्या सतरा ओळी आहेत त्यांच्याकडे आज रात्री कोण बघतंय.